बांधलेलं गाव

चिकनगुनियाच्या साली आमच्या गावात सगळे सारखेच चालायला लागले. कमरेत वाकून, भिंत धरून, पाऊल चाचपून. नवी सून आणि तिची आजेसासू पाठमोऱ्या वेगळ्या ओळखू येत नव्हत्या. मी आमगावच्या डॉक्टरकडून सुया टोचून घेतल्या, अंथरुणात पडून राहिले आणि सरळ झाले. ज्यांना रोजीवर जायचं होतं, त्यांनी तापातच चिखल तुडवला.

सासरे गावचे पाटील, जमीन भरपूर. धानाची रोवणी बायांच्या टोळीवर चालायची. त्या साली उभं राहू शकतील अशा बाया थोड्याच उरल्या आणि वाफ्यातली धानाची रोपं, पऱ्हे, तर रोवायला आलेली. आमगावकडच्या एका शेतकऱ्याने या बायांना आमच्यापेक्षा जास्त रोजी कबूल केली, न्यायला ट्रॅक्टर पाठवतो म्हणाला. टोळीची मुकादम आमच्या समोरच राहायची, विधवा बाई. तिने सासऱ्यांना सांगितलं, तेवढी रोजी द्या, नाहीतर आम्ही चाललो. सासऱ्यांनी भुमकाला, म्हणजे गावदेवीच्या पुजाऱ्याला, बोलावणं धाडलं.

साथ आली की गाव बांधायची आमच्याकडे जुनी रीत. कडुनिंबाचा पाला ओवलेलं सूत शिवेवरून फिरवतात. ते सोडेपर्यंत कोणी बाहेर जायचं नाही, कोणी आत यायचं नाही. जो ओलांडेल त्याच्या घरात मातामाय, रोगाची देवी, शिरते म्हणतात. कधी बांधायचं, कधी सोडायचं, ते पाटलाचं घर ठरवतं.

रात्रीच भुमकाने सूत फिरवलं. सकाळी ट्रॅक्टर आला आणि सुतापाशी थांबला. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, पुन्हा वाजवला. बाया दारात बसून बघत राहिल्या. एकही उठली नाही. ट्रॅक्टर परत गेला. मग सासऱ्यांनी मला मुकादमिणीकडे जुन्याच रोजीवर रोवणीला बोलवायला पाठवलं. आमची शेतं सुताच्या आतच होती.

ती सुजलेली बोटं मांडीवर पसरून बसली होती.

"गाव बांधला न तुमी?" ती म्हणाली. "मंग बांधल्या गावात चिखलात पाय टाकत नाई. चुलीत जाळ नाई, नांगराले बैल नाई. पाटलाले मालूम नाई का?"

सासऱ्यांनी भुमकाला विचारलं. तो खाली बघत म्हणाला, रीत तशीच आहे.

त्यानंतर गावातला आवाजच गेला. धूर नाही, उखळ नाही, बैलांच्या घंटा नाहीत. लोक भिजवलेले पोहे खात होते. त्यांचीही रोजी बुडतच होती, पण कोणी तक्रार करेना. प्रत्येक दारात कोणीतरी वाकून बसलेलं, तोंड आमच्या घराकडे. सकाळी मी अंगण झाडायची तेव्हा बसलेले, दिवे लावायच्या वेळीही तिथेच. पऱ्हे पिवळे पडायला लागले. सासऱ्यांचेही गुडघे सुजले.

शेवटी एका संध्याकाळी ते म्हणाले, "सूनबाई, सोडून ये."

ज्याने बांधलं त्याच्याच घराने सोडायचं, शिवेवरून एकटं फिरायचं, मागे बघायचं नाही. मी कात्री घेतली. थोडं चालल्यावर मागे पाय घासल्याचा आवाज यायला लागला. मग आणखी पायांचा. मी मागे पाहिलं नाही. देवीसाठी नव्हे, बांध निसरडा होता. रस्त्याच्या तोंडाशी, सुतापाशी, मी थांबले. मागचे पायही थांबले.

"आमगावची रोजी," मुकादमिणीचा आवाज आला. "बोल, मंग काप."

"देली."

"पाटलाले इचार."

"मी सांगून राहिली न."

मी कापलं.

रोवणी झाली. रोवताना बाया गातात, त्या साली गायल्या नाहीत. चिखलाचा आवाज तेवढा, आणि मधूनच कण्हणं. सासऱ्यांनी मी कबूल केलेली रोजी दिली आणि मला शेताच्या व्यवहारातून कायमचं काढलं.

पुढच्या साली त्यांनी छत्तीसगडहून रेल्वेने मजूर आणले. ताठ पाठीची माणसं, रोजी कमी. आमच्या बायांचा ताप गेला होता, सांधे मात्र सुटले नव्हते. मुकादमिणीची मूठ मिटत नव्हती, पऱ्ह्याची जुडी हातातून गळून पडायची. मी तिला म्हणाले, घरी डाळ निवडायला ये.

"रोजी कोण ठरवते?" तिने विचारलं.

मी खरं ते सांगितलं. सासरे.

दुसऱ्या दिवशी ती आली.