सुपातला तांबडा खडा
लातूरच्या दाळमिलवरून रिक्षा गेली की तुरीचा धुळकट वास नाकात शिरतो आणि मी पुन्हा सातवीत जाते. आई वारल्यापासून मी वर्गात बाकं ढकलायचे, पोरींना चावायचे. हेडमास्तर शाळेतून माझं नाव काढायला निघाले, तेव्हा आमच्या वर्गाच्या बाईंनी मला खिचडी शिजवायच्या खोलीत नेलं, सुपात दाळ ओतून पुढ्यात ठेवली. "खडे काढ गं, मला बारीक दिसंना झालंय." एक तांबडा खडा बाजूला टाकत मी एकदम बोलले, "बाई, आई सपनात बी येईना." दुसऱ्या दिवशी सुपात काल मी काढून टाकलेला तोच तांबडा खडा परत होता. मी बाईंकडं पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मी गुमान निवडत राहिले. आता पाकिटातली दाळ स्वच्छ येते. जीव थाऱ्यावर नसला की मी ती परातीत ओतून चिवडत बसते, अन् खडा काही सापडत नाही.