गावाला ‘नाही’ म्हणायला शिकवणारे लखूबाबा

लखूबाबा गुरव देवाला भर लोकांत जाब विचारायचे. आमच्या पारवलीच्या केदारलिंगापुढे गाऱ्हाणं घालण्याचा मान त्यांच्या घराण्याकडे होता. एरवी गुरव गाऱ्हाणं घालतो म्हणजे हात जोडतो, गावाचं मागणं देवाच्या कानावर घालतो, आणि मागे उभे असलेले लोक प्रत्येक वाक्याला एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. लखूबाबांचं गाऱ्हाणं तसं नसे. ते मागच्या वर्षापासून सुरुवात करीत.

“बा केदारा, म्हागल्या शिमग्याला तुज्याकडं भाताला पाऊस मागितला व्हता. दिलास. बेस झाला. गुरांचा रोग जाऊ दे म्हनून सांगितला व्हता. तो काय गेला नाय. धाकट्या वाडीतल्या तीन म्हशी मेल्या. तुला ठावक असंल, तरी लोकांम्होरं बोलून ठेवतंय, म्हाराजा!”

आणि सगळा गाव घसा फोडून ओरडे, “व्हय म्हाराजा!”

देवाला असं बोलणारा हा माणूस दिसायला किरकोळ होता. काळा, वाकलेला, गुडघ्यापर्यंत धोतर, डोक्याला सदैव गुंडाळलेला पंचा. पण आवाज असा की देवळात बोलले तर खाडीवरच्या होडीत ऐकू यावं.

मी सांगतो आहे ती गोष्ट एकोणीसशे तीस सालाच्या दोन-तीन वर्षं आधीची. मी नुकताच मॅट्रिक पास झालो होतो. आमच्या कुणब्याच्या घरात तोवर सही करणारंही कोणी नव्हतं. मी इंग्रजी शिकू शकलो त्याचं कारण म्हणजे गावाची तर, म्हणजे खाडीपार नेणारी होडी. आमच्या बाजूने होडीत बसायचं, खाडी ओलांडायची, पलीकडच्या बंदरगावात शाळा, बाजार, दवाखाना, पोस्ट. ओहोटीला आमच्या काठावर मांडीपर्यंत गाळ असे. दप्तर डोक्यावर घेऊन त्यातून जायचं. तरीही ती तर होती म्हणून मी शाळेत जाऊ शकलो. कोळणी मासळी विकू शकत, आजारी माणूस वैद्याच्या पलीकडचा उपचार घेऊ शकत असे.

सरकार म्हणजे काय, याबद्दल आमच्या गावाची समजूत साधी होती. सरकार म्हणजे तलाठी, देवी टोचणारा आणि खाकी पट्टेवाला. ही तीन माणसं आली की लोक अंगणात उभे राहत, ते जे म्हणतील त्याला मान हलवत आणि ती गेली की दार लावून घेत. त्यात लोकल बोर्ड आलं. बोर्डाचे मेंबर आमचे खोत, आबासाहेब. सरकारशी बोलायचं ते आबांनी, आबांशी बोलायचं ते कोणीच नाही, अशी एकंदर व्यवस्था होती. मत देण्याचा हक्क जमिनीच्या आकारावर ठरे. तो गावात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांना होता. लखूबाबांना नव्हता.

आबा वाईट माणूस नव्हते हे मला आवर्जून लिहायला हवं. शाळेची इमारत त्यांनीच आणली. पण आपण ठरवलं ते गावानं ठरवलं, असं त्यांना मनापासून वाटे.

त्या वर्षी शिमग्याच्या शेवटच्या दिवशी पालखी सहाणेवर बसली होती. सहाण म्हणजे गावाच्या मधोमध पालखी टेकवायचा दगडी चौथरा. गावाचा न्याय तिथे, भांडण तिथे आणि दिलेला शब्दही तिथे. लखूबाबांचं गाऱ्हाणं संपलं. लोकांचे हात अजून जोडलेलेच होते. तेवढ्यात आबा पुढे आले आणि बोलू लागले. बोर्डाचं काम, रस्ते, सोयी. बोलता बोलता म्हणाले, गावाची तर आता माझ्या वाडीच्या बंदरावरून सुटावी असा विचार आहे, तिथे पाणी खोल आहे, मोठी होडी लागेल, केदारलिंगाच्या कृपेने सर्वांचं कल्याण होईल.

‘केदारलिंगाच्या कृपेने’ हे शब्द कानावर पडले आणि जोडल्या हातांनी सगळा गाव गरजला, “व्हय म्हाराजा!”

मीही गरजलो. आबा प्रसन्न हसले. त्यांनी बोर्डात जाऊन सांगितलं की पारवलीची संपूर्ण संमती आहे, तीही देवासमोर.

पावसाच्या तोंडावर पट्टेवाला दवंडी पिटत आला, तेव्हा गावाच्या डोक्यात प्रकाश पडला. दसऱ्यानंतर आमच्या काठावरची तर बंद. यापुढे खोतांच्या बंदरावरून. ते बंदर आमच्या वाडीपासून दोन कोस, मध्ये सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार, सावलीला झाड नाही. पाटी डोक्यावर घेऊन बाई तिथवर जाईतो मासळीचं काय होणार, हे कोणाला सांगायला नको.

संध्याकाळी देवळासमोर माणसं जमली. “आमी कदी व्हय बोललांव?” असं जो तो दुसऱ्याला विचारत होता.

“बोललांव,” लखूबाबा म्हणाले. “मी माज्या कानानी आयकलाय. तू बोल्लास, हा बोल्ला, आनी मी सगल्यांच्या आदी बोल्लंय.”

“पन ता सवयीनं, बाबा!”

“मंग सवय मोडाया हवी.”

पण लोकांना खरी भीती आबांची नव्हतीच. शब्द सहाणेवर गेला होता. पालखीसमोर. तो फिरवला तर देवाचा कोप व्हायचा, घरात काही बरंवाईट झालं तर कोण निस्तरणार? माझे वडील हेच म्हणाले. गावातले जाणते हेच म्हणाले. दोन कोस चालू, पण देवाशी खोटं नको.

लखूबाबांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग उठून म्हणाले, “देवाला तुमी शबूद दिला काय? देवाला कोनी इचारलान? इचारला आबानी, आनी जाब दिला आपन देवाला. ज्याचा त्याला गेला नाय, ता शबूद कसला? उद्यापासून रोज दिवेलागनीला देवलात यायचा. समद्यांनी.”

मला वाटलं, आता मोठी पूजा घालणार. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तर लखूबाबांनी हात जोडले आणि त्याच पहाडी आवाजात सुरू केलं.

“बा केदारा, तुजी लेकरं तुज्या दारात उभी हायेत, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“ह्यांच्या घरादाराला सुक दे, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आनी ह्या गावच्या समद्या म्हशी खोताच्या गोठ्यात जाऊ देत, म्हाराजा!”

“व्हय म्हा...”

लखूबाबा गर्रकन वळले. “कोन बोल्ला व्हय? शिवरामा, तू बोल्लास. तुजी म्हस गेली. जा, दावा सोड तिचा.”

देवळात असा हशा पिकला की गाभाऱ्यातली पाकोळी उडाली. शिवराम बिचारा “आवो बाबा, तोंडातून निसटला!” म्हणत राहिला. पुढे किती तरी दिवस हाच उद्योग चालला. कधी गावाची भातं, कधी शिवरामची बायको, कधी लखूबाबांच्याच डोक्यावरचा पंचा खोताला देऊन टाकायचा. जो चुकेल त्याची हजेरी. “आयका, मंग बोला,” हे त्यांचं पालुपद. कोणी म्हणालं, “बाबा, ही देवाची थट्टा होते.” तर म्हणत, “न आयकता मान हालवनं ही थट्टा. इतकी वर्सा तीच करतांव आपन.”

आबांच्या कानावर हे गेलं. त्यांनी लखूबाबांना बोलावून घेतलं. मी बरोबर होतो. आबा ओसरीवर झोपाळ्यावर, लखूबाबा पायरीशी उभे.

“लखू, गुरवकीचा मान कोणाच्या घरातून येतो, ठाऊक आहे ना?”

“ठावक हाय, आबानू.”

“मग? माझ्यावर भरवसा नाही गावाचा?”

“हाय म्हनून तर इचारतांव. भरवसा नसता तर गप बसलो असतो, आनी तुमची पाठ फिरल्यावर बोल्लो असतो. इतकी वर्सा ताच केलाव.”

आबांचा झोपाळा थांबला. “विचार कर,” एवढंच ते म्हणाले. येताना मीच घाबरून म्हटलं, बाबा, मान गेला तर खाल काय? देवळाची जमीन त्या मानाबरोबरच चालत होती. लखूबाबा म्हणाले, “तर गेली तर गाव काय खाईल, ता इचार.”

मी बोर्डाला अर्ज लिहिला, गावानं अंगठे उठवले. दसऱ्याच्या थोडं आधी मामलेदार चौकशीला आले. सहाणेजवळच्या वडाखाली खुर्ची मांडली. आबांनी आपलं म्हणणं व्यवस्थित मांडलं. खोल पाणी, मोठी होडी, सगळं खरंच होतं. शेवटी म्हणाले, “गावाने देवासमोर संमती दिली आहे.”

मामलेदारांनी लोकांकडे पाहिलं. “तर खोतांच्या बंदरावर न्यायची. गाव कबूल आहे ना?”

वर्षानुवर्षं या प्रश्नाला एकच उत्तर ठाऊक असलेली तोंडं उघडत होती आणि मिटत होती. मी लखूबाबांकडे पाहिलं. ते खाली मान घालून उभे होते. त्यांनी डोळ्यांनीसुद्धा खूण केली नाही. ते आता बोलले असते तर ते एकट्या लखू गुरवाचं म्हणणं ठरलं असतं, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

बोलली ती येसू कोळीण. बायकांनी सहाणेशी यायचं नाही, म्हणून ती दूर कुंपणाशी मासळीची पाटी घेऊन थांबली होती.

“नाय!” ती तिथूनच ओरडली. “मना कोनी इचारला नाय, तरी सांगतंय. दोन कोस सडा तुडवून ही मासली घेऊन जायची, आनी मंग ती कोन खानार? सायेब, तुमी खाल काय?”

मामलेदारांना हसू आवरेना. आणि तेवढ्यात शिवराम, ज्याची म्हैस देवळात रोज खोताच्या गोठ्यात जात असे, पुढे सरला आणि म्हणाला, “नाय, सायेब. कबूल नाय.” मग माझे वडील. मग एकेक करत सगळा गाव. एका सुरात नव्हे. प्रत्येकाने आपापल्या आवाजात, आपापलं कारण देऊन सांगितलं. कोणाचं पोर शाळेत, कोणाची सून अवघडलेली, कोणाचा म्हातारा दम्याचा.

तर आमच्या काठावर राहिली.

आबांनीही ओसरीवर सुचवलं होतं ते केलं. पुढच्या शिमग्याला गाऱ्हाण्याला दुसऱ्या गावचा गुरव उभा होता. जमीनही त्याच्याकडे गेली. लखूबाबा लोकांत मागे उभे राहिले. गाव हळहळला, दोघातिघांनी भांडायची तयारी दाखवली. लखूबाबांनीच त्यांना गप्प केलं. “तर मागितली व्हती, मिलाली. आता आनीक काय?” ते दुसऱ्याच्या भातात मजुरी करू लागले. दोन वर्षांनी आबांनी बोर्डाकडून वरच्या वाडीला विहीर आणली, तेव्हा उद्घाटनाला सर्वांसमोर उठून म्हणाले ते लखूबाबाच. “आबानी हीर बांधलीन. गोड पानी हाय. चुकला ता बोल्लांव, तर बरा केलान ता पन बोलाया हवा.” आबांनी मान दुसरीकडे वळवली. पण त्यांचे डोळे पाणावलेले मी पाहिले.

त्याच तरीने मी पुढे बंदरावर गेलो, तिथून आगबोटीने मुंबईला, आणि बी. ए. होऊन परत आलो. बंदरगावच्या शाळेत मास्तर झालो. आबा थकले होते. गावाने मला बोर्डासाठी उभं केलं आणि मी निवडून आलो. निकाल घेऊन आलो तेव्हा ओहोटी होती. लोकांनी मला होडीतून खांद्यावर उचलून गाळातून काठावर आणलं. ढोल, गुलाल, झेंडूचे हार. वडील एका बाजूला उभे राहून पंचाने डोळे पुसत होते. मी भाषण केलं. सर्वांच्या आशीर्वादाने गावाची सेवा करीन, वगैरे. टाळ्या पडल्या.

गर्दीतून लखूबाबा पुढे आले. हातात हार नव्हता. मी पाया पडलो. त्यांनी पाठीवर हात ठेवला.

“तुला खांद्यावरून आनला. येसूला कोन आनील?”

मी खाली पाहिलं. त्यांचे पाय गुडघ्यापर्यंत गाळाने भरले होते. सगळ्यांचेच भरले होते. कोरडा एकटा मीच होतो.

“धक्का बांधायला हवा, बाबा,” मी म्हटलं. “मी प्रयत्न करीन.”

“परयत्न मी पन करीन. मेंबर तू हायस. कदी बांधशील ता बोल.”

“दोन वर्षांत.”

ते लोकांकडे वळले. “आयकलाव?”

“आयकला!” लोक म्हणाले.

पहिल्या वर्षी मंजुरीच मिळाली नाही. लखूबाबा महिन्याच्या महिन्याला माझ्या दाराशी येत, ओसरीवर बसत, चहा घेत आणि काय झालं ते विचारत. कधी रागावले नाहीत. मी मात्र दुसऱ्याच दिवशी तालुक्याला जाई. दुसऱ्या वर्षी जांभ्या दगडाच्या पायऱ्या चढू लागल्या. अर्ध्या झाल्या आणि बोर्डाचा निधी आटला. त्याच थंडीत लखूबाबा तापाने गेले.

त्यांना खाडीकाठी नेलं. आबा आले होते, काठी टेकत. नवा गुरव आला होता. येसू पाटी खाली ठेवून, या वेळी कुंपणाशी नव्हे, चितेच्या जवळ उभी होती. अग्नी दिला आणि लोक परतायला निघाले. शेजारी अर्धवट धक्का पाण्यात उतरून थांबला होता. त्याच्या पुढे गाळ.

मला कोणीही काही विचारलं नाही. दुःखाचा दिवस होता, आणि मी मेंबर होतो.

मी त्या शेवटच्या पायरीवर उभा राहिलो आणि मोठ्याने म्हणालो, “ऐका. निधी संपला आहे. मी येत्या बैठकीत मागणार आहे. नाही मिळाला तर का नाही, ते पुढच्या रविवारी सहाणेवर येऊन सांगेन.”

लोक थांबले होते. येसूने पाटी उचलली, डोक्यावर ठेवली.

“रविवारी आमी येतांव,” ती म्हणाली.