दहापैकी एक

घोडेगावच्या एका लहानशा दवाखान्यात मी ब्रदर आहे, म्हणजे पुरुष नर्स. खेड्यावरून आलेले लोक मला डॉक्टर समजून नमस्कार करतात आणि मीही तो निमूट घेतो. चूक दुरुस्त करायला लागलो तर रांग वाढते, असं माझं म्हणणं. माझी बायको म्हणते, छाती वाढते.

मध्यंतरी पुण्याला दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. विषय होता, दुखणं कसं मोजायचं. लहान पोरांना चेहऱ्यांची चित्रं दाखवायची, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. त्यांनी बोट ठेवायचं. मोठ्यांना विचारायचं, शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे सहन होत नाही, तर तुमचं किती? परत आल्यावर मी त्या चित्रांचं कार्ड लॅमिनेट करून गळ्यात अडकवलं आणि आठवडाभर सिस्टर लोकांना बोलू दिलं नाही.

कार्डाचा मुहूर्त झाला चार वर्षांच्या मुलीवर. ओट्यावरून पडलेली, हात पोटाशी धरून गप्प पडून होती. मी कार्ड पुढं केलं. तिनं हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. मी ऐटीत तिच्या आईला म्हणालो, "बघा, फारसं दुखत नाहीये."

आई म्हणाली, "अवो, तिला रडकी चित्रं आवडत न्हाईत."

एक्स-रेत हाताची दोन्ही हाडं मोडलेली निघाली. दुखतंय म्हणूनच ती हलत नव्हती, हे मला फिल्म बघून कळलं. त्याच दुपारी एक कॉलेजचा पोरगा गुडघा खरचटून आला. मी विचारायच्या आधीच म्हणाला, "दहा. न्हाई, बारा लिवा."

या दोघांवरून काहीतरी शिकायला हवं होतं. मी शिकलो एवढंच, की लहान पोरं आणि कॉलेजची पोरं यांचं काही खरं नाही. वयस्क माणसं मात्र खरं सांगतात, असं मी मनाशी पक्कं केलं.

मग ते बाबा आले. जवळच्याच गावचे, सत्तरीच्या पुढचे. पहाटे धार काढताना गाईनं त्यांना गोठ्याच्या खांबाशी दाबलं होतं. डाव्या बाजूच्या दोन बरगड्या मोडलेल्या, सोनोग्राफीत आत काही दिसत नव्हतं. तरी डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "डावीकडं प्लीहा असते. ती आता शाबूत दिसली तरी मागाहून रक्त सोडू शकते. दर तासाला नाडी, बीपी आणि दुखणं लिही. दुखणं वाढलं की लगेच फोन कर." आणि ते दुसऱ्या दवाखान्यात ऑपरेशनला गेले.

नऊ वाजता विचारलं, तर बाबा म्हणाले, "चार धरा." दहाला म्हणाले, "पाच आसंल." अकराच्या सुमाराला मात्र दाराशी जीप थांबली आणि निमगाव सावाचे पाहुणे आत आले. बाबांच्या नातीला त्यांनी पसंत केलं होतं, पुढच्या आठवड्यात लग्नाची बैठक ठरलेली होती. मुलाचा बाप, चुलता, मामा, असे पाचजण. हातात सफरचंदं आणि चेहऱ्यावर चौकशी.

बाबा उठून बसले. बायकोला म्हणाले, "टोपी दे." टोपी घातली, पाय खाली सोडले आणि पावसापाण्याचं बोलायला लागले. मुलाचा बाप म्हणाला, "आमाला वाटलं, लई लागलंय का काय. तसं आसलं तर बैठक पुढं घेऊ."

"छ्या. पुढं कशापायी?" बाबा म्हणाले.

आता आमच्याकडचा कुणीही सांगेल, की अशा वेळी तिथून निघून जावं. घरातलं म्हातारं माणूस जायला टेकलंय असं नव्या सोयऱ्यांच्या मनात आलं, की ठरत आलेलं लग्न लोंबकळतं. मी याच भागातला. माझ्या बहिणीच्या वेळी माझ्या आजोबांनी ताप अंगात घेऊन पाहुण्यांना शिवारभर फिरवलं होतं. पण घड्याळात अकरा वाजले होते आणि मी प्रशिक्षण घेतलेला माणूस होतो. पाचही पाहुण्यांच्या मधोमध उभं राहून मी खणखणीत आवाजात विचारलं, "बाबा, दहापैकी किती दुखतंय?"

बाबांनी माझ्याकडं बघितलं. मग पाहुण्यांकडं बघून हसले. "एक."

मी एक लिहिलं. नाडी वाढली होती, ती पाहुण्यांच्या गडबडीनं वाढली असं मीच ठरवून टाकलं. ते डावा खांदा चोळत होते. मला वाटलं, पहाटे खांबावर आपटला असेल. फोन करून डॉक्टरांना सांगितलं, "सर, पाचावरून एकावर आलं." सर म्हणाले, "छान."

पाहुणे चहा पिऊन गेले. बाबा पुन्हा आडवे झाले, भिंतीकडं तोंड करून. मी नाडी बघायला गेलो, तेव्हा त्यांची बायको हळूच म्हणाली, "भाऊ, ह्यांचं काय खरं न्हाई. सकाळधरनं मला येक शिवी दिली न्हाई."

मी काय म्हणावं? मी म्हणालो, "मग आजी, औषध लागू पडलं म्हणायचं." शेजारच्या कॉटवरचे हसले. आजी हसल्या नाहीत. बाबांना झोप लागली असेल, असं म्हणून मी बाराला दुखणं विचारलंच नाही, कागदावर आधीचाच आकडा उतरवला.

साडेबाराला आजींनी हाक मारली. बाबांच्या कपाळावर घाम, ओठ पांढरे, बीपी खाली. मी फोन केला, डॉक्टर ऑपरेशन उरकून धावत आले, पोटाला हात लावला, खांद्याचं विचारलं; पोटात रक्त साचलं की दुखणं डाव्या खांद्यात उतरतं, म्हणाले. मग केसपेपर वाचला.

"एक? कुणी सांगितलं?"

"पेशंटनं," मी म्हणालो. शब्द खरा होता. इतकं खरं बोलून इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

पुण्याच्या वाटेवर ॲम्ब्युलन्समध्ये मीच बसलो होतो. आजी समोर बसून त्यांचे पाय चोळत होत्या.

बाबा वाचले. प्लीहा काढावी लागली. आणखी थोडा उशीर झाला असता तर काय, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. टाके काढायला ते आमच्याकडंच आले. खोलीत आम्ही दोघंच होतो. पडदा ओढून घेतला आणि विचारलं, "बाबा, त्या दिवशी खरं किती दुखत होतं?"

"लई व्हतं."

"मग एक का सांगितलंत?"

"पावणं व्हतं ना समोर."

"अहो, पण पाहुणे गेल्यावर तरी सांगायचं."

बाबांनी जरा विचार केला. रागानं नाही, आठवून बघितल्यासारखं म्हणाले, "ते गेल्याव तुमी ईचारलं कुठं?"

उरलेले टाके काढेपर्यंत मी मान वर केली नाही. दुखतंय का, एवढं तरी विचारायला हवं होतं.