कलाबाईनं राखलेली शेड

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे रशियातला एक कारखाना बघणं. रविवारची सकाळ होती, चहा झाला होता. कला भिंतीला टेकून, मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत होती आणि मी तिच्या डोळ्यांसमोर मोबाईल धरून बसलो होतो. मोबाईलवर आभाळातून काढलेला फोटो. पांढरी जमीन, एक चिमणी आणि ओळीनं लांबच लांब शेडी.

"जरा वर घ्या. चिमणी दिसू द्या."

मी बोटानं सरकवलं. सगळा कारखाना एकदम गायब झाला, जंगल आलं.

"अवो, वर घ्या म्हणलं. पळवून लावा न्हाय म्हणलं."

पुन्हा कारखाना सापडला. ती वळता वळता बघत होती. तिचे हात कधी थांबत नसत. बोलताना, भांडताना, टीव्ही बघताना पानात तंबाखू भरून, गुंडाळून, दोरा आवळून बिडी सुपात पडायचीच. त्या दिवशी हात थांबले. तिनं मान पुढं केली.

"हितं चूल न्हाय पेटलेली," ती म्हणाली.

मीही बघितलं. चिमणीपासून मोजली तर तिसरी शेड. आधीच्या फोटोत तिचं छप्पर काळं होतं, आता पांढरंफेक. बर्फ साचला होता. त्या शेडीत आमचा पोरगा होता.

आमचा सिद्धार्थ वेल्डर. एका एजंटानं त्याला रशियात नेलं. तिथं जुन्या सोव्हिएत राजवटीतला अवजड यंत्रांचा कारखाना आहे. गावाचं नाव घ्यायला माझी जीभ वळत नाही. सुरुवातीला रोज फोन यायचा. एकदा त्यानं सांगितलं, "आई, चिमणीपासून मावळतीकडं तिसरी शेड माझी. आत भट्टी हाय, गरम असतंय. वर बर्फ टिकतच न्हाय बघ." त्यानंतर काही दिवसांनी फोन बंद झाला. टीव्हीवर तिकडच्या कारखान्यांवर ड्रोन पडल्याच्या बातम्या. कुठला कारखाना, ते सांगत नव्हते. दाखवायचे फक्त आग.

कला एजंटाच्या ऑफिसात गेली, मीही बरोबर होतो. तिथला माणूस खुर्चीवर गोल फिरत म्हणाला, "मावशी, तिकडं नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे."

"पोरगं नेताना नेटवर्क व्हतं की," कला म्हणाली. तो फिरायचा थांबला, एवढंच.

मग आमच्या वैशालीनं, म्हणजे सिद्धूच्या थोरल्या बहिणीनं, हा मार्ग काढला. ती टेंभुर्णीला दवाखान्यात नर्स आहे. उपग्रहाचे फोटो कुणालाही फुकट बघता येतात, ढग नसले तर काही दिवसांनी नवा फोटो येतो, असं तिला कुणीतरी सांगितलं. तिनं कारखाना शोधून काढला, तिचा जुना मोबाईल आम्हाला दिला आणि त्यावर फोटो पाठवू लागली. माणसं त्यात दिसत नाहीत. गाड्यासुद्धा ठिपक्यासारख्या. मी म्हणालो, "ह्यात काय कळणार डोंबल?"

कला म्हणाली, "शेजारीण घरात येत न्हाय, पर तिला सगळं कळतंय. तसं बघायचं."

आता ही बाई काय होती ते सांगतो, म्हणजे हे कळेल. मी शिकलेला चौथी. गिरणी बंद पडेपर्यंत बॉयलरमध्ये कोळसा टाकणारा फायरमन होतो. कला शाळेत गेलीच नाही. लग्न होऊन आली तेव्हा आम्ही सोलापूर शहरात गिरणीजवळच्या चाळीत राहायचो. मी घरी आलो की दारातच विचारायची, "आज कोळसा वला व्हता व्हय?" मला वाटायचं, हिला कुणी सांगितलं? नंतर कळलं, दिवसभर बिड्या वळता वळता तिची एक नजर चिमणीवर असायची. धूर काळा आणि जड निघाला की ती ओळखायची, आज हा चिडून येणार. त्या दिवशी कालवणात तिखट कमी. मी म्हणायचो, माझ्यावर पाळत ठेवतेस का? ती म्हणायची, "तुमच्यावर कशाला? धुरावर ठेवते. धूर तुमच्याहून बोलका हाय."

पुढं कुंभारीला बिडी कामगारांची घरं झाली, तिथं आम्हाला घर मिळालं. घरं स्लॅबची, पण मागच्या बाजूला प्रत्येकीनं स्वयंपाकाला पत्र्याचा आडोसा काढला. थंडीत पहाटे त्या पत्र्यांवर दव पडतं. चूल पेटली की दव आधी तिथलं जातं. कला उठल्यावर सगळ्यांचे पत्रे बघायची. एकदा म्हणाली, "नरसव्वाचा पत्रा अजून वला हाय. ती तर माझ्या आधी उठती." गेली, दार वाजवलं, उघडेना. पुढच्या दारानं आत जाऊन बघते तर नरसव्वा तापानं फणफणलेली, शुद्ध नाही. दवाखान्यात नेली म्हणून वाचली. नरसव्वा तेलुगू, तोंडाची फटकळ. बरी झाल्यावर म्हणाली, "कलाक्का, तू माझ्या घरात टीव्ही लावलीस काय गं?" कला म्हणाली, "तुझ्या घरात बघण्यासारखं हाय तरी काय? पत्रा बघितला."

तीच युक्ती तिनं रशियाला लावली. फोटो आला की म्हणायची, "कोणाचा पत्रा कोरडा झाला ते बघा." काळं छप्पर म्हणजे आत भट्टी, भट्टी म्हणजे काम, काम म्हणजे माणसं धड. पांढरं छप्पर म्हणजे चूल विझलेली. मी आधी हसलो. मग वैशाली म्हणाली, असं खरंच ओळखतात, तिनं कुठंतरी वाचलं होतं. मग मी हसायचं बंद केलं, आणि आम्ही दोघं ती शेड राखू लागलो. पीक राखतात तशी.

पण ही बाई राखता राखता खंगत चालली. फोटो नाही आला तर जेवायची नाही. ढग आले की वैशालीला फोन करायची. "ढगाच्या खालनं बघता येत न्हाय व्हय गं?" वैशाली तिकडून वैतागायची, "आई, मी काय विमान चालवते का?" रोज सकाळी बिडीच्या ब्रँचवर, वळलेल्या बिड्या द्यायच्या रांगेत, बायका तिला विचारायच्या, "कलाक्का, पत्रा कोरडा का?" ती मान हलवायची, मग सगळ्यांच्या जिवात जीव यायचा. सिद्धूला त्या रांगेतल्या निम्म्या बायकांनी कडेवर घेतलेलं होतं.

एकदा मात्र तिनं मला कोड्यात टाकलं. दोन फोटो शेजारी ठेवून बघत होती. एकदम म्हणाली, "ही चिमणीजवळची पैली शेड आखडली बघा."

"शेडी काय आखडत्यात व्हय? लुगडं हाय का ते, धुतल्यावर आखडायला?"

"मग तिच्यावर बर्फ कसा कधीच न्हाय? तिची चूल कोण विझवतच न्हाय व्हय?"

"डांबरी पत्रा असंल," मी म्हणालो. "तुला चिमण्यांतलं कळतंय का मला?"

पटलं नव्हतं तिला. पटलं नाही की ती बिडीचं टोक जास्त जोरात दाबायची, तेव्हाही दाबलं.

तर त्या रविवारी तिसरी शेड पांढरी झाली. कला कितीतरी वेळ मोबाईल हातात घेऊन बसली. सुपातली पानं वाळून कडक झाली, तिनं पाणी मारलं नाही. चौथ्या शेडीवर बोट ठेवून म्हणाली, "शेजारची पेटलीय की वो. आपल्याच पोराची कशी इझली?"

मी म्हणालो, दुरुस्ती असेल, सुट्टी असेल. मला गोड बोलता येत नाही. माझं बोलणं माझ्याच कानाला खोटं वाटलं, तिला तर वाटलंच असणार. रात्री ती नुसतं पाणी पिऊन झोपली. झोपली म्हणजे पडली.

सोमवारी सकाळी नळ आला. कलानं दोन घागरी भरल्या आणि पायरीवर बसली. म्हणाली, "जीव घाबराय लागलाय, जरा हात धरा." मी धरला. तळवा गार होता. रिक्षा बोलावली, नरसव्वा बरोबर बसली. दवाखान्यात पोचायच्या आधीच रिक्षात कलाची मान माझ्या खांद्यावर पडली. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. मी म्हणालो, बरं. दुसरं काय म्हणणार?

वैशाली आली. रडता रडता तिनं एजंटाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, आई वारली, सिद्धार्थला कळवा. इतके दिवस त्या ग्रुपवर आम्ही विचारत होतो, पोरगं जिवंत आहे का तेवढं सांगा. कुणी अक्षर टाकलं नव्हतं. ह्याला मात्र लगेच उत्तर आलं. कळवतो, म्हणाले. म्हणजे कळवता येत होतं. मरणाच्या बातमीला नेटवर्क होतं.

संध्याकाळ होत आली. आम्ही तिला पोचवून आलो होतो. भंतेजी वंदना घेऊन गेले होते. नात्यातली माणसं अंगणात सतरंजीवर बसली होती. फोन वाजला. अनोळखी, लांबलचक नंबर.

"नाना, मी सिद्धू. काय झालंय? हितला साहेब नुसतं घरी फोन कर म्हणला."

त्याचा आवाज ऐकला आणि माझ्या तोंडून आधी काय निघावं?

"तुझी शेड बंद हाय का रं?"

"कोण म्हणलं? चालूच हाय. आत्ता शेडीतनंच बोलतोय. आमचे मोबाईल काढून घेतलेत सगळ्यांचे, नेट बी बंद. साहेबाच्या फोनवरनं बोलतोय. नाना, काय झालंय?"

"वर बर्फ हाय की."

"आमच्यावर न्हाय बर्फ. आमच्या बाजूचं गोदाम हाय, ते खाली केलं, त्याची हीटिंग बंद केली. त्याच्यावर असंल."

मी मोबाईलवरचा फोटो उघडायला वैशालीला खुणावलं. तिनं तिचा फोन पुढं धरला. मी मोजलं. "चिमणी. मग पैली काळी, लांब, बारकी. मग दुसरी. मग तिसरी, तीच पांढरी."

"पैली काळी?" मागं मोठी यंत्रं घुमत होती. "नाना, काळी बारकी शेड हितं न्हायच कुठली. ती चिमणीची सावली असंल. हितं थंडीत सूर्य वर चढतच न्हाय. भर दुपारी सावली अख्ख्या आवारात पसरती."

सावली! आयुष्य मी चिमणीखाली काढलं. आमच्या सोलापुरात दुपारच्या जेवणाला चिमणीच्या सावलीत चार माणसं बसायची, पाचव्याला ऊन. भर दुपारी सावली शेडीएवढी लांब पडते, हे आमच्या डोक्यात येणार कुठून? आम्ही सावली एक शेड धरून मोजली आणि एका शेडीनं चुकलो. आणि कलानं बघितलं होतं ते खरं होतं. शेड आखडत होती. थंडी सरत आली होती, सूर्य वर चढत होता.

म्हणजे पोराची शेड ती चौथी. शेजारची, पेटलेली.

"नाना, आईला द्या की."

आजूबाजूची माणसं माझ्याकडं बघत होती. वैशालीनं तोंडाला पदर लावला. मला आडवळणानं सांगता येत नाही.

"तुझी आई सकाळी गेली, सिद्धू," मी म्हणालो. "आत्ताच जाळून आलोय. तुझ्यासाठी थांबलो न्हाय, तू हाईस का न्हाईस तेच आमाला ठाव नव्हतं."

पलीकडं यंत्रं तेवढी घुमत राहिली. मग कुणीतरी परक्या भाषेत काहीतरी ओरडलं आणि फोन तुटला. परत लावला तर लागेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो. वैशाली नको म्हणत होती. मयताच्या घरातून, तेही पुरुषानं, ब्रँचवर जायचं म्हणजे लोक काय म्हणतील. मी कलानं रविवारी वळलेल्या तेवढ्या बिड्या फडक्यात बांधल्या आणि गेलो. रांग लागली होती. मला बघून एक-दोघींनी पदर डोळ्याला लावला.

मी मोठ्यानं म्हणालो, "सिद्धूचा फोन आला. पोरगं धड हाय. त्याची शेड पेटलेलीच हाय. आमी चुकीची शेड बघत व्हतो."

नरसव्वा रांग सोडून माझ्याजवळ आली.

"मामा, मग आमची कलाक्का कुणाच्या शेडीसाठी जीव जाळत बसली वो?"

"गोदामाच्या," मी म्हणालो. आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिलो.