फोटोवाले अप्पा आणि सोमवारचा बॅकअप

फोटोवाल्या अप्पांनी कुणाला ‘फोटो न्हाय’ म्हणून माघारी लावल्याचं मला तरी आठवत नाही. घरात कुणी वारलं की हार घालायला फोटो लागतो, आणि आमच्या तामलवाडीकडच्या म्हाताऱ्या माणसांनी जन्मात कधी स्वतःहून फोटो काढून घेतलेला नसतो. मग घरातलं कुणीतरी खाली मान घालून दुकानाच्या पायरीवर उभं राहायचं. अप्पा एवढंच विचारायचे, “कुणाकुणाच्या लग्नाला गेली व्हती म्हातारी?” आणि कुठल्यातरी लग्नाच्या पंगतीत, मांडवाच्या कोपऱ्यात नातवाला मांडीवर घेऊन बसलेली म्हातारी सापडायचीच. तिचा चेहरा घोळक्यातून अलगद कापून ते माझ्याकडं द्यायचे. मी त्यांच्या दुकानात फोटो मिक्सिंगला होते. मागं निळा रंग भरायचं काम माझं.

म्हणूनच अप्पा एकही फोटो पुसू द्यायचे नाहीत. डोळे मिटलेले, हललेले, मध्येच मांडवाचा खांब आलेले, सगळे ठेवायचे. जागा भरली म्हणून मी कटकट करायची. ते म्हणायचे, “तुला खांब दिसायलाय. मला खांबाआड बसल्यालं माणूस दिसायलंय.”

हे सगळे फोटो टेबलाखालच्या एका काळ्या डब्यात असायचे. तोच आमचा सर्व्हर. गिऱ्हाइकांच्या पेन ड्राइव्हमधून रोज नवा व्हायरस यायचा, त्याला वैतागून अप्पांनी त्यावर लिनक्स घातलं होतं, आणि त्या डब्याला हात लावायची आम्हाला कुणाला सोय नव्हती. दर सोमवारी महादेवाला जाऊन आले की अप्पा घरून एक यूएसबी ड्राइव्ह आणायचे, सर्व्हरला लावायचे, सगळ्याची प्रत त्यात घ्यायचे आणि ड्राइव्ह परत घरी न्यायचे. दुकान जळालं तरी फोटो राहिले पाहिजेत, हा हिशोब. पण प्रत झाली म्हणून ते उठायचे नाहीत. ड्राइव्ह माझ्या कॉम्प्युटरला लावून त्या आठवड्यातला एखादा फोटो उघडून बघायचे. “परत निघाला तर बॅकअप. न्हायतर नुसती समजूत,” म्हणायचे. एकवेळ देवळात हात जोडायचे राहतील, पण हे राहायचं नाही.

त्यांच्या घरी आक्का. दोघं आपसांत कानडीत बोलायची, आणि भांडायचीही कानडीतच. आक्कांची एक तक्रार मात्र मला कळावी म्हणून मराठीत असायची. “गावाचे फोटो काढून ह्यांचं बोट झिजलं, माझ्याकडं कवा कॅमेरा वळला न्हाय बघ.” अप्पा हसून विषय टाळायचे.

मग आक्कांच्या दुखण्याचं निदान झालं. सोलापूरच्या वाऱ्या सुरू झाल्या आणि अप्पांचा कॅमेरा एकदम आक्कांकडं वळला. दवाखान्याच्या बाकावर, एसटीच्या खिडकीत, घरी भाकरी थापताना. मोबाइलवरच्या फोटोला ते फोटोच मानत नसत. जाताना कॅमेरा गळ्यात असायचा. आक्का “साकु, साकु” म्हणायच्या, म्हणजे पुरे आता, पण पदर नीट करायच्या. परत आले की अप्पा कार्डातले फोटो सर्व्हरवर उतरवून ठेवायचे आणि लग्नासाठी कार्ड रिकामं करायचे.

आक्का गेल्या. तिसऱ्या दिवशी अप्पा दुकानात आले, तेव्हा प्रथमच ते स्वतःच्याच दुकानात गिऱ्हाइकासारखे उभे राहिले. आदल्या दिवशी विजेचा दाब अचानक वाढून बाजारातले पंखे जळाले होते, आमचा सर्व्हरही त्यातच गेला होता. मी घाबरत सांगितलं. अप्पा म्हणाले, “जाऊ दे, ड्राइव्ह हाय की.” ते आणि त्यांचा मुलगा मल्लिनाथ घरी जाऊन ती घेऊन आले.

ड्राइव्ह उघडली. जुनी लग्नं सगळी होती. पण आक्का आजारी पडल्या त्या आठवड्याच्या पुढं एकही फोल्डर नव्हतं.

बराच वेळ गेला तेव्हा अप्पांना उलगडा झाला. त्याच आठवड्यात त्यांनी सर्व्हरला नवी मोठी डिस्क घातली होती. लिनक्समध्ये ड्राइव्ह नुसती खोचून भागत नाही, ती एका फोल्डरला जोडावी लागते. ते जोडून घेण्याची ओळ नव्या डिस्कवर लिहायची राहिली. सोमवारी ड्राइव्ह खोचली जायची, तिचा दिवा लागायचा, प्रतही निघायची, पण पडायची त्याच डब्यात. एका कणगीतली ज्वारी या कोपऱ्यातून काढून त्या कोपऱ्यात टाकावी, तसं. आणि फोटो उघडून बघायला त्या दिवसांत अप्पा थांबलेच नव्हते. खोचून, प्रत घेऊन, सोलापूरची गाडी गाठायचे.

मल्लिनाथचा तोल सुटला. “जन्मभर दुसऱ्याला सांगितलं तुम्ही, उघडून बघा म्हणून. आईच्या टायमालाच कसं बघितलं न्हाय, अप्पा?”

अप्पा रागावले नाहीत. म्हणाले, “त्या दिसांत म्या दुसरीकडं कुठं बघितलंच न्हाय रे. मी तिच्याकडंच बघायलो व्हतो.”

मल्लिनाथ तिथंच भिंतीला टेकून रडला. मीही रडले, लपवून काय उपयोग? जळालेली डिस्क त्यानं पुण्यापर्यंत नेऊन दाखवली, पण काही निघालं नाही. हाराच्या फोटोसाठी एका जुन्या लग्नात ताट घेऊन चाललेल्या आक्का सापडल्या. निळा रंग मीच भरला.

त्यानंतर अप्पा दुकानात यायचे, पण कॅमेरा मल्लिनाथकडं दिला होता. माझ्या शेजारी खुर्ची घेऊन बसायचे आणि मधूनच एखादा फोटो सांगायचे. “पिंपळाखालचा बाक हाय. डोस्क्याला माझा टॉवेल गुंडाळलाय. हातात अर्धं केळ. हसायली हाय.” मी माऊस थांबवून ऐकायची. उजेड कुठून होता तेही सांगायचे. ऐकता ऐकता ते फोटो मला दिसायला लागले, मी काढल्यासारखे.

आता अप्पाही गेले. मल्लिनाथनं ते सगळं कधी ऐकलं नाही, त्याला ऐकवत नव्हतं. पिंपळाखालचा बाक, तो टॉवेल, ते अर्धं केळ आता एकट्या माझ्याजवळ आहे, आणि माझंही वय होत चाललंय. म्हणून हे लिहायला बसले.