मीटरची पिशवी

आमच्या घराण्यात माया दाखवायची पद्धत एकच: वस्तूला कव्हर घालायचं. आईनं फ्रिजच्या दांड्यालासुद्धा झालर शिवली होती. आई परवडली, अशी माझी थोरली बहीण. अक्का लग्न होऊन पिशोरला गेली आणि गेल्या गेल्या तिनं सासरच्या टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर रबर लावलं. मी हसायचे तिला. म्हणायचे, "दाजींनाही एक शिवून घाल."

त्या अक्कानं घरच्यांशी भांडून शेताच्या एका तुकड्यात तुती लावली आणि शेडमध्ये रेशमाच्या अळ्या पाळायला घेतल्या. पहिल्या खेपेला कोष पातळ निघाले. दाजींनी सांगून टाकलं, "अजून एक खेप बघ. नाय जमलं तर तुती उपटून अद्रक लावायची." त्या शेतात तेवढाच तुकडा अक्काच्या मनानं चालत होता. बाकी सगळीकडं तिचं फक्त खुरपं चालायचं.

शेडमधली हवा कोरडी पडली म्हणून कोष पातळ झाले, असं कुणा जाणत्यानं सांगितलं. मग ती एसटीनं माझ्याकडं शहरात आली आणि आम्ही औरंगपुऱ्याच्या बाजारात जाऊन हातात मावणारं मीटर घेतलं, तापमान आणि हवेतला ओलावा दोन्ही दाखवणारं. दुकानदारानं नीट समजावलं, "आपा, मुठ्ठी में नक्को पकडो. मूं के पास भी नक्को. नई जगह रखे तो थोडा रुको, फिर देखो." अक्का शाळेत असल्यासारखी मान डोलवत होती. परतताना रिक्षात तिनं ते रुमालावर ठेवून मांडीवर घेतलं. मी काही बोलायला गेले तर म्हणाली, "गप बस, वाफ लागंल त्याला."

नंतर तिचे फोन यायचे ते आकड्यांचे. मीटर भिंतीपासून लांब, अळ्यांच्या उंचीला टांगलंय. हातसुद्धा लावत नाय. "लई गुणाचं हाय, आकडा फार हलत नाय," ती कौतुकानं सांगायची. ओलावा कमी दिसतोय म्हणून ती दिवसभर गोणपाटाच्या पडद्यांवर पाणी मारत होती. इकडं शहरात पावसाळी हवेनं माझे कपडे वाळत नव्हते, आणि पिशोरची शेड कोरडी. नवल वाटायचं, पण यंत्रच बोलतंय म्हटल्यावर आपण काय बोलणार.

मग एकदा तिचा आवाज बसलेला आला. अळ्या पाला खाईनात. मी पोचले तेव्हा बऱ्याचशा मरून पांढऱ्या, खडूसारख्या कडक झाल्या होत्या. बुरशी लागली होती. शेडमध्ये पाय ठेवताच अंगाला ओल चिकटली. मीटर मधोमध सुतळीला टांगलेलं होतं. प्लास्टिकच्या पिशवीत, तोंडाला घट्ट रबर.

"अळ्यांवर चुन्याची भुकटी मारावी लागते," अक्का म्हणाली. "खराब व्हायला नको म्हणून आणलं तवाच, चांगलं ऊन बघून, अंगणात पिशवीत घातलं."

आमच्याकडं कुरडया, पापड असंच भरून ठेवतात, ऊन दाखवून.

रबर मीच काढलं. दुकानदारानं सांगितलं होतं तसं दोघी मागं सरून थांबलो. ओलाव्याचा आकडा चढायला लागला आणि चढतच राहिला. इतके दिवस ते मीटर पिशवीतली, अंगणातल्या त्या दुपारची हवा मोजत होतं. अक्का तोंडावर पदर धरून बघत होती. अजूनही त्याला वाफ लागू नये म्हणून.

"लई जपलं गं मी त्याला," ती म्हणाली.

मला रडू आलं आणि रागही आला, कुणाचा ते कळेना. हयगय झाली असती तर तिला चार शब्द सुनावता आले असते. इथं जपण्यानंच बुडालं होतं सगळं.

दाजी वाकडं काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त शब्द पाळला. तुती मुळासकट निघाली, अद्रक लागली, आणि ती यंदा आलीयही चांगली. मीटर अक्कानं माझ्या पिशवीत टाकलं. माझ्या खिडकीत ते उघडं असतं, बरोबर आकडे दाखवतं, आणि कुणाच्या काही कामाचं नाही.

परवा पिशोरला गेले. अक्का ओसरीवर अद्रकीची माती झाडत बसली होती. टीव्ही लावायला रिमोट उचलला तर तो उघडाच, बटणांत धूळ साचलेली. जन्मभर तिला हसलेली मी, घरभर पिशवी शोधायला लागले.

"ऱ्हाऊ दे तसाच," अक्का म्हणाली. "आता नाय घालत मी कशाला."