घड्याळजींची दोन सीटांची गाडी

डॉक्टरांनी औषध दिलं तरी बाटलीवरची तारीख घड्याळजी डोळ्याला भिंग लावून वाचायचे. बायको म्हणायची, यांना स्वतःच्या सावलीचाही भरवसा नाही. म्हणूनच अशा माणसाने चाळीस वर्षं जुनी स्पोर्ट्स गाडी घेतली, तेव्हा अख्खी गल्ली चाट पडली.

गाडी एका निवृत्त दंतवैद्याची होती. बुटकी, लाल, दोनच सीटांची, वर कापडी छत. उमेदवारीच्या दिवसांत घड्याळाच्या दुकानासमोर तसली एक गाडी उभी राहायची, तेव्हापासून घड्याळजींचा जीव तिच्यात अडकला होता. दंतवैद्याने मागितलेली किंमत त्यांच्या आवाक्यातली निघाली आणि तिथेच त्यांच्या मनात पाल चुकचुकली. एवढी स्वस्त का? ते तीनदा जाऊन आले, पत्र्यावरून लोहचुंबक फिरवलं. दोन ठिकाणी चुंबक चिकटेना; रंगाखाली पत्र्याऐवजी लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली होती. खोट सापडली तेव्हा कुठे त्यांना हायसं वाटलं, आणि त्यांनी गाडी घेतली.

गाडीचं इंजिन बंद होतं, आणि असली जुनी इंजिनं जाणणारा मेस्त्री गावात एकच होता. तो फार कमी बोलायचा. हाताला सवड मिळेल तसं करीन, नवे पार्ट परवडायचे नाहीत, जुने शोधू, एवढंच म्हणाला. घड्याळजींना त्यातही पाणी मुरताना दिसलं. अस्सल कार्ब्युरेटर कुणा हौशी माणसाला विकून याने तिथे भंगार बसवलं, तर आपल्याला काय कळणार? त्यांनी बायकोची नेलपॉलिशची बाटली उचलली आणि चार पार्टांच्या खालच्या बाजूला बारीक ठिपके दिले. मग दर बुधवारी सहज आल्यासारखं दाखवून ते गॅरेजमध्ये वाकून बघू लागले.

तिसऱ्या बुधवारी कार्ब्युरेटरवरचा ठिपका गायब.

"हा माझा नाही," घड्याळजी म्हणाले.

मेस्त्रीने हात पुसले. "तुमचाच आहे. धुतलाय."

"पेट्रोलने नेलपॉलिश जात नाही."

बोलून गेल्यावर आपण काय कबूल केलं ते त्यांच्या ध्यानात आलं. मेस्त्रीने खाली वाकून बाकीचे तीन ठिपके शोधले, शांतपणे बघितले. "थिनरने धुतला," तो म्हणाला. "गाडी घेऊन जा."

घरी येऊन घड्याळजींनी दोन मोडक्या डायलवर एकेक ठिपका दिला. पेट्रोलमध्ये बुडवलेला टिकला, थिनरमधला क्षणात विरघळला. म्हणजे मेस्त्री खरं बोलत असू शकेल. पण असू शकेल म्हणजे आहेच असं नाही, हा किडा काही डोक्यातून जाईना. दोन दिवस त्यांना जेवण गोड लागलं नाही.

"अहो, विचारायचं ते तोंडावर विचारायचं होतं," बायको म्हणाली. "चोरून खुणा केल्यात, तर त्याला चोरासारखंच वाटणार."

शेवटी ते गॅरेजच्या दारात जाऊन उभे राहिले आणि चुकलं म्हणाले. मेस्त्रीने एक पाना उचलून त्यांच्या हातात ठेवला. मग त्याने एक अट घातली. यापुढे या गाडीचा प्रत्येक नट तुम्हीच सोडायचा आणि तुम्हीच आवळायचा; मी फक्त सांगणार.

पहिल्या रविवारी घड्याळजींची दोन बोटं सोलली. पण कार्ब्युरेटर उघडून बसले, तेव्हा त्यातली पेट्रोल सोडणारी इवलीशी पितळी जेट बघून त्यांचे हात आपसूक चालू लागले. केसाएवढ्या भोकात अडकलेला कचरा त्यांनी चिमट्याच्या टोकाने काढला. मेस्त्री जवळ येऊन बघत राहिला. जुना वायपर, दुसऱ्याच गाडीचा रेडिएटर, बायकोने शिवलेलं छत, असं करत करत सात महिन्यांनी इंजिन सुरू झालं.

आता गाडी अधूनमधून मेस्त्रीकडे ठेवावी लागते. आपल्यामागे गाडी कुणी फिरवली का ते कळावं म्हणून जाताना किलोमीटरच्या मीटरकडे बघायचं, हे करणार नाही असं घड्याळजी ठरवतात आणि तरी त्यांची नजर तिकडे वळतेच. मेस्त्री हल्ली ती नजर वळायच्या आत स्वतःच मोठ्याने आकडा वाचून दाखवतो.